तळहातावरचे डोंगर

उजवा हात पुढे करा, तळवा वर धरा आणि बोटे किंचित सैल सोडा. अंगठ्याच्या बुडाशी एक गुबगुबीत टेकडी दिसेल. तिच्या समोर, करंगळीच्या बाजूला, मनगटाकडे उतरत गेलेली दुसरी लांबट टेकडी आहे. चार बोटांच्या मुळाशी लहान लहान उंचवटे आहेत आणि या सगळ्यांच्या मध्ये एक खोलगट मैदान आहे. ओंजळीत पाणी राहते ते याच मैदानात.

हस्तसामुद्रिकाच्या पुस्तकात या प्रत्येक उंचवट्याला एकेक ग्रह नेमून दिलेला असतो. तर्जनीखाली गुरू, मधल्या बोटाखाली शनी, अनामिकेखाली रवी, करंगळीखाली बुध. अंगठ्याची मोठी टेकडी शुक्राची, समोरची चंद्राची. मंगळाला मात्र दोन ठिकाणी जागा मिळाली आहे, शिवाय मधले मैदानही त्याचेच! गुरूचा उंचवटा भरदार असेल तर मनुष्य महत्त्वाकांक्षी, शनीचा असेल तर एकलकोंडा, रवीचा असेल तर कीर्तिमान, बुधाचा असेल तर व्यापारात हुशार, शुक्राचा असेल तर प्रेमळ आणि उत्साही, चंद्राचा असेल तर कल्पक आणि प्रवासी, असे फलित सांगितले जाते. उंचवटा बसका असेल तर त्या त्या गुणाची उणीव.

या विद्येचा जगभर बोलबाला करणारा एक गृहस्थ ‘कीरो’ या नावाने प्रसिद्ध होता. त्याचे मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर, जन्म आयर्लंडमध्ये १८६६ साली, मृत्यू १९३६ साली. कीरो हे नाव त्याने हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतले. आपण तरुणपणी मुंबईच्या अपोलो बंदरावर उतरलो, तेथे एका चित्पावन ब्राह्मणाची गाठ पडली, त्याने आपल्याला कोकणातल्या खेड्यात नेले आणि माणसाच्या कातड्यावर लिहिलेला एक प्राचीन ग्रंथ दाखवला, असे तो सांगत असे. हा ग्रंथ त्याच्याखेरीज कोणी पाहिल्याचा पुरावा नाही. पण गोष्ट अशी रंगतदार की पुस्तके खपली, आणि फिरून मराठीतही आली.

आमच्या खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. ऐन तारुण्यात वैधव्य आले, शेतात राबून त्यांनी संसार रेटला. हात पाहायला आलेल्या जोतिषाला दारातूनच परत पाठवणारी त्यांची एक कविता प्रसिद्ध आहे. ती तुम्ही वाचली नसेल तर मिळवून वाचा. बहिणाबाईंना जे अनुभवाने कळले होते ते आपण आज थोड्या शरीरशास्त्राच्या आणि थोड्या पदार्थविज्ञानाच्या मदतीने तपासून पाहू.

आधी एक साधा प्रश्न. उंचवटे सात ग्रहांचेच का? कारण ही वाटणी झाली तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसणारे, आकाशात जागा बदलणारे सातच गोल माहीत होते. त्यात सूर्य आणि चंद्रही धरले होते. आज आपण त्यांना ग्रह म्हणत नाही. युरेनसचा शोध १७८१ साली लागला, नेपच्यूनचा १८४६ साली. त्या दिवशी कोणाच्याही तळहातावर नवी टेकडी उगवली नाही. पुढे काही पुस्तकांनी नेपच्यूनला मनगटाजवळ, शुक्र आणि चंद्र यांच्या बेचक्यात जागा काढून दिली. आधी टेकड्या होत्या, मग नावे आली. आणि नावांच्या मागोमाग त्या त्या ग्रहाच्या पुराणातल्या स्वभावाचे गुण आले.

आता टेकडीच्या पोटात काय आहे ते पाहू. अंगठ्याचे टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि जोराने दाबा. दुसऱ्या हाताच्या बोटाने शुक्राचा उंचवटा चाचपून पाहा. मघाशी मऊ असलेली टेकडी आता कठीण झालेली आहे. अंगठा सैल सोडा, ती पुन्हा मऊ होईल. दंडातली बेटकुळी जशी फुगते तसेच हे. म्हणजे ही टेकडी मुख्यतः स्नायूंची आहे. येथे तीन लहान स्नायू एकावर एक रचलेले आहेत: एक अंगठ्याला तळव्यापासून दूर उचलतो, एक त्याला वाकवतो, आणि एक त्याला फिरवून इतर बोटांच्या समोर आणतो. या तिसऱ्या स्नायूचे काम फार मोलाचे आहे. सुईत दोरा ओवणे, लेखणी धरणे, निरंजनाची वात वळणे, कुलपात किल्ली फिरवणे, या साऱ्या गोष्टी अंगठा बोटांसमोर येतो म्हणून जमतात.

पण टेकडी एवढी मोठी का? येथे तुमच्या पाठ्यपुस्तकातली तरफ कामी येते. अंगठ्याचे टोक त्याच्या मनगटाजवळच्या सांध्यापासून सुमारे ९ सेंटिमीटर लांब असते. तो सांधा म्हणजे टेकू. स्नायूची ओढ मात्र टेकूपासून जेमतेम दीड सेंटिमीटरवरून लागते असे धरू. आता चिमटीत १ किलोग्रॅम भाराइतका जोर हवा असेल तर

१ × ९ = स्नायूची ओढ × १.५

म्हणजे ओढ ६ किलोग्रॅम भाराइतकी हवी! शिवाय अंगठा डगमगू नये म्हणून उलट बाजूचे स्नायूही थोडे ओढत असतात. त्या सगळ्यांचा मिळून दाब सांध्यावर येतो. हाताच्या यंत्रशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांनी असा हिशेब काढला आहे की चिमटीत १ किलोचा जोर लावला की अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा दाब पडतो. म्हातारपणी अनेकांचा नेमका हाच सांधा का दुखतो ते आता लक्षात येईल. आजी बरणीचे झाकण उघडायला तुम्हाला सांगते, तेव्हा हा १२ चा आकडा आठवा आणि मुकाट्याने उघडून द्या.

चंद्राच्या टेकडीतही करंगळीला हलवणारे असेच तीन लहान स्नायू आहेत, पण त्यांवर चरबीची जाड गादी आहे. शिवाय अगदी कातडीलगत एक पातळ चौथा स्नायू आहे. पेला मुठीत घट्ट धरा आणि करंगळीखालची कड पाहा. तेथे कातडीला बारीक सुरकुत्या पडतील. तो या चौथ्याचा उद्योग. तो कातडी आवळतो आणि तळव्याची वाटी अधिक खोल करतो. लिहिताना हात कागदावर टेकतो तो याच गादीवर. टेबलावर मूठ आपटतो तीही याच बाजूने.

बोटांच्या मुळाशी असलेल्या गुरू, शनी, रवी, बुध यांची गोष्ट निराळी आहे. तेथे फुगणारा मोठा स्नायू नाही, आहे ती चरबी. तळव्याच्या कातडीखाली पंख्याच्या आकाराचा एक चिवट पडदा असतो. मनगटाकडून निघून तो चार पट्ट्यांनी चार बोटांकडे जातो. या पट्ट्यांच्या मधल्या फटींतून बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू पुढे सरकतात, आणि त्यांना सांभाळायला फटीत चरबी भरलेली असते. आता बोटांची पेरे वाकवा, पण बोटे मुळाशी मात्र मागे ताणा, वाघाच्या पंजासारखी. पट्ट्या ताठ होतील आणि मधली चरबी फटींतून वर उचलली जाईल. चांगले तीन उंचवटे दिसतील. नीट पाहा, हे उंचवटे बोटांच्या खाली नाहीत; दोन बोटांच्या मध्ये आहेत! ‘अमक्याचा शनी गुरूकडे झुकला आहे’, ‘रवी आणि बुध एकत्र झाले आहेत’ असे हस्तरेषातज्ज्ञ गंभीरपणे सांगतात आणि त्यावरून वेगळे फलित काढतात. वस्तुतः उंचवट्याची जागाच मुळात दोन घरांच्या वेशीवर आहे. तो कोणाकडे तरी झुकलेला दिसणारच. मधल्या मैदानात मात्र पडदा कातडीला घट्ट शिवलेला आहे, म्हणून तेथे चरबी साचत नाही. मंगळाचे मैदान खोलगट राहते त्याचे हे एक कारण; दुसरे म्हणजे दोन्ही बाजूंना स्नायूंचे बांध आहेत.

ही चरबी सुटी नसते. गादीला जसे टाके घालून कापसाचे कप्पे करतात तसे चिवट तंतूंनी तिचे लहान लहान कप्पे केलेले असतात. त्यामुळे ती दबते, पसरते, पण सरकून निघून जात नाही. याचा फायदा काय? दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. १० लिटर पाण्याची बादली ४ मिलिमीटर जाडीच्या तारेच्या कडीने उचलली, आणि कडी हाताला ८ सेंटिमीटर लांबीत टेकली, तर टेकलेले क्षेत्रफळ सुमारे ३.२ चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोहून अधिक दाब. बोटे पांढरी पडतात ती यामुळे, कारण तेथले रक्त पिळून बाजूला जाते. त्याच कडीवर २ सेंटिमीटर जाडीची लाकडी नळी चढवली तर क्षेत्रफळ १६ चौरस सेंटिमीटर आणि दाब सुमारे ०.६ किलो. चरबीच्या गाद्या हेच काम करतात: वस्तूभोवती पसरून क्षेत्रफळ वाढवतात. आमच्या फैजपूर-सावद्याकडे केळीचे वीस-वीस किलोंचे घड वाहणाऱ्या मजुराच्या हाताला या गाद्यांवर घट्टे पडलेले दिसतील, आणि चिकाचे काळे डाग तर सहज जात नाहीत. असा हात पाहून ‘तुझ्या नशिबी कष्ट फार’ हे सांगायला कोणत्या शास्त्राची गरज आहे?

या गाद्या येतात कधी? जन्माच्या बऱ्याच आधी. आईच्या पोटात गर्भ सहा-सात आठवड्यांचा असतानाच त्याच्या हातावर उशांसारखे फुगवटे दिसू लागतात. पाच बोटांच्या टोकांना पाच, बोटांच्या मुळांशी चार, आणि खाली तळव्याच्या दोन बाजूंना एकेक, असे अकरा. मांजर किंवा कुत्रा झोपला असेल तेव्हा त्याच्या पंजाखाली हळूच पाहा. बोटांखालच्या आणि मधल्या मऊ गाद्या ओळखीच्या वाटतील. त्याच कुळातल्या या गोष्टी आहेत. चालणाऱ्या प्राण्यांत त्या ठळक राहतात. माणसाच्या गर्भात दहाव्या-अकराव्या आठवड्यानंतर त्या हळूहळू सपाट होऊ लागतात. साधारण त्याच सुमारास कातडीवर बारीक रेघांची नक्षी उमटायला लागते. बोटाच्या टोकाची उशी त्या वेळी उंच असेल तर नक्षी चक्राकार होते, मध्यम असेल तर फाशासारखी, आणि बसकी झाली असेल तर साध्या कमानीसारखी. तळव्यावरच्या मोठ्या रेषा म्हणजे कातडीच्या घड्या, त्याही साधारण सातव्या ते तेराव्या आठवड्यांत पडतात. जीवनरेषा म्हणतात ती तर अंगठ्याच्या टेकडीभोवतीची घडी आहे. अंगठा आत वळवा, ती दुमडेल. बिजागरीच दुसरे काय!

म्हणजे उंचवट्यांचा खरोखर एका गोष्टीवर परिणाम होतो, आणि ती म्हणजे बोटांचे ठसे. हाताचा अभ्यास करून एक पक्के शास्त्र याच देशात उभे राहिले, हे सांगायला मला आनंद वाटतो. २८ जुलै १८५८ रोजी बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या कंत्राटावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या संपूर्ण तळहाताचा ठसा घेतला. कंत्राटदाराने शब्द फिरवू नये एवढाच हेतू. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, आणि ठशांचे वर्गीकरण करण्याच्या पद्धतीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी अंमलदारांचा मोठा वाटा होता. फरक एवढाच, की त्यांनी ठशावरून ‘हा माणूस कोण’ एवढेच विचारले. ‘हा माणूस कसा’ हे विचारले नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पडताळता येते.

आता मोजमापाकडे वळू, कारण तेथे माझा विषय येतो. उंचवटा ‘भरदार’ की ‘बसका’ हे ठरवायचे कसे? हस्तसामुद्रिकाच्या पुस्तकात मिलिमीटरचा आकडा दिलेला माझ्या पाहण्यात नाही. सारे डोळ्यांवर. तेव्हा हा प्रयोग करा. खोलीत अंधार करा. हात टेबलावर उताणा ठेवा. मित्राला विजेरी आधी बरोबर हातावर धरायला सांगा. टेकड्या जवळजवळ नाहीशा होतील, तळवा पोळीसारखा सपाट दिसेल. आता विजेरी खाली आणत आणत टेबलाच्या पातळीला आणा. सावल्या लांबतील आणि त्याच तळव्यावर सातपुडा उभा राहील.

थोडा हिशेब करू. समजा एक उंचवटा ३ मिलिमीटर उंच आहे आणि त्याचा उतार १५ मिलिमीटर लांबीत सरळ खाली येतो. उताराचा कोन सुमारे ११ अंश. प्रकाशाचा किरण ११ अंशांहून अधिक कोनात आला तर उतारावरही प्रकाश पडतो, सावली पडतच नाही. किरण ८ अंशांवर आला तर सावली माथ्यापासून सुमारे २१ मिलिमीटर, म्हणजे पायथ्याच्या ६ मिलिमीटर पुढे जाते. ५ अंशांवर ती ३४ मिलिमीटर होते, म्हणजे पायथ्याच्या १९ मिलिमीटर पुढे. हात तोच, उंचवटा तोच; दिवा अवघा तीन अंश खाली आला आणि सावली तिपटीने पुढे सरकली. दुपारी बारा वाजता बसक्या शुक्राचा मनुष्य संध्याकाळी खिडकीशी बसला की प्रेमळ होणार काय?

हीच युक्ती मात्र योग्य हातात पडली तर केवढे काम करते पाहा. १६०९ च्या अखेरीस गॅलिलिओने दुर्बिणीतून चंद्र पाहिला. चंद्रावरच्या उजेड-अंधाराच्या सीमेपलीकडे, अंधारात, काही ठिपके चमकत होते. ती डोंगरांची शिखरे आहेत, पायथ्याशी अजून सूर्य उगवायचा आहे, हे त्याने ओळखले. आणि ठिपका सीमेपासून किती दूर आहे त्यावरून डोंगराची उंची काढली. खऱ्या चंद्रावरचे डोंगर माणसाने चारशे वर्षांपूर्वी मोजले. हातावरच्या चंद्राचा डोंगर मात्र अजून कोणी नीट मोजून सांगत नाही!

पण मित्रांनो, उंचवटे पाहण्यात अर्थच नाही असे समजू नका. त्यांच्याकडे फार बारकाईने पाहणारी माणसे आहेत, ती म्हणजे डॉक्टर आणि आरोग्य कर्मचारी. हा भाग लक्ष देऊन वाचा.

स्नायू मज्जातंतूच्या हुकमावर चालतो. हुकूम येणे बंद झाले की स्नायू काम करीत नाही, आणि काम न करणारा स्नायू काही आठवड्यांत वाळू लागतो. प्लास्टरमधून काढलेला पाय बारीक झालेला तुम्ही पाहिला असेल. अंगठ्याच्या टेकडीचा बराचसा कारभार एका मज्जातंतूकडे आहे. तो मनगटाच्या मधून येतो. चंद्राच्या टेकडीचा कारभार दुसऱ्याकडे. तो कोपराच्या मागून येतो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तोच हा. मनगटाच्या अरुंद बोगद्यात पहिला मज्जातंतू दाबला गेला तर अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर होतात, रात्री मुंग्या येतात, आणि पुढे अंगठ्याची टेकडी खचू लागते.

या दोन्ही मज्जातंतूंना धरणारा एक रोग आपल्याकडे अजून आहे: कुष्ठरोग. त्याचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली शोधले. शरीराच्या आतल्या ३७ अंशांपेक्षा थोड्या थंड जागा या जंतूंना मानवतात, म्हणून कातडी आणि कातडीलगतचे मज्जातंतू, जसे कोपरामागचा, त्यांना सापडतात. आधी कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा येतो, त्यावर स्पर्श कळत नाही. मग करंगळी आणि अनामिका वाकू लागतात, चंद्राची टेकडी सपाट होते. दुसरा मज्जातंतू गेला तर शुक्राची टेकडीही खचते आणि अंगठा बोटांसमोर येईनासा होतो. बोटे झडतात ती जंतूंनी खाल्ल्यामुळे, अशी समजूत होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशा हातांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की खरे कारण वेदना न कळणे हे आहे. चटका बसतो, खिळा टोचतो, जखम चिघळते आणि माणसाला पत्ताच नसतो. ज्या मज्जातंतूंना रोगाने धरलेले नाही अशा स्नायूंच्या दोऱ्या वळवून ब्रँड यांनी वाकडी बोटे पुन्हा चालती केली. आपल्याकडे बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोड्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली तेव्हा या रोग्यांना गावाबाहेर काढले जाई. आज परिस्थिती तशी नाही. १९८२ सालापासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. २००५ च्या अखेरीस देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, तरी नवे रोगी अजून सापडतात, महाराष्ट्रातही सापडतात.

आता समजा, एखाद्या शेतमजुराची अंगठ्याची टेकडी खचू लागली आहे आणि तो हात दाखवायला गेला. ‘शुक्र बसला आहे, घरात प्रेम राहणार नाही, अमुक खडा घाल’ असे त्याला सांगितले. तो खडा घालील, सहा महिने वाट पाहील. मज्जातंतूचा बधिरपणा आणि अशक्तपणा साधारण सहा महिन्यांच्या आतला असेल तर औषधाने तो सुधारण्याची आशा चांगली असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. खड्याचे पैसे गेले ते गेलेच, पण त्या सहा महिन्यांची किंमत एका हाताइतकी आहे. ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

आरोग्य कर्मचारी करतात त्या दोन तपासण्या तुम्हालाही करता येतील. तळवा वर करून हात टेबलावर ठेवा आणि अंगठा छताकडे सरळ उभा करा. मित्राने तो तर्जनीकडे खाली ढकलावा. तुम्ही प्रतिकार करा. मग करंगळी बाहेरच्या बाजूला ताणा आणि मित्राने ती आत ढकलावी. दोन्ही हातांची तुलना करा. घरातल्या कोणाचा अंगठा किंवा करंगळी सहज ढकलली जात असेल, टेकडी एका हाताला स्पष्ट खचलेली असेल, किंवा बधिर चट्टा असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जायला सांगा. कारण कुष्ठरोगच असेल असे नाही. पण ते ठरवणे डॉक्टरांचे काम.

तुम्ही म्हणाल, ‘सर, पण आमच्या काकांना सांगितलेले सगळे बरोबर निघाले!’ निघाले असेल. एक तर, उपासमारीने किंवा दुखण्याने वाळलेल्या माणसाच्या टेकड्याही वाळतात आणि त्याचा उत्साहही कमी असतो. दोन्ही एकाच कारणाची फळे. त्यात शुक्राचा संबंध नाही. दुसरे, पुढचे वर्णन वाचा: ‘तुम्ही कष्ट फार करता पण श्रेय दुसरेच घेतात. पैसा येतो, हातात टिकत नाही. मन हळवे आहे, पण चारचौघांत दाखवत नाही. जवळच्या एका माणसाने तुम्हाला दुखावले आहे.’ हे मी आताच बसून लिहिले, कोणाचाही हात न पाहता. घरी वाचून दाखवा आणि किती जण मान डोलावतात ते मोजा. अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमच्या स्वभावाचे वर्णन’ म्हणून कागद दिले. पाचपैकी सरासरी ४.२६ गुण त्यांनी त्या वर्णनाला दिले. सर्वांच्या कागदावर मजकूर एकच होता. रे हायमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची गोष्ट याहून मजेची. विद्यार्थिदशेत तो पैशासाठी हात पाहत असे आणि आपली विद्या खरी आहे असे त्याला वाटू लागले होते. एका अनुभवी जादूगाराच्या सल्ल्यावरून त्याने पुस्तकात असेल त्याच्या नेमके उलटे सांगायला सुरुवात केली. गिऱ्हाइके पूर्वीइतकीच खूश!

म्हणून परीक्षा अशी हवी की जिच्यात मान डोलावण्याला वाव नाही. मूळचे केरळचे आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ साली एक लाख रुपयांचे आव्हान दिले होते. त्यातल्या एका कलमात हाताचे ठसे पाहून स्त्री कोण, पुरुष कोण, जिवंत कोण, मृत कोण एवढेच सांगायचे होते. १९७८ साली ते वारले, तोवर बक्षीस कोणी नेले नाही. आपल्या पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी कुंडल्यांची अशीच चाचणी घेतली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर कुंडल्या जमवल्या आणि प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या चाळीस देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले. २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तरी ५० च्या आसपास आली असती.

हाताच्या उंचवट्यांची चाचणी तुम्ही वर्गात घेऊ शकता. एकाच वर्गातले साधारण एका वयाचे दहा जण निवडा. घट्ट मळलेल्या कणकेवर प्रत्येकाच्या उजव्या तळव्याचा साचा घ्या आणि त्यावर फक्त क्रमांक घाला. हात पाहू शकतो म्हणणाऱ्याला माणसे न दाखवता नुसते साचे दाखवा आणि प्रत्येक साच्यावरून स्वभाव लिहून घ्या. मग ती दहा वर्णने क्रमांक झाकून दहाही जणांना द्या. आपले वर्णन कोणते ते प्रत्येकाने एकमेकांना न विचारता निवडावे. नुसत्या योगायोगाने प्रत्येकाचा नेम लागण्याची शक्यता दहात एक. दहा जण आहेत, म्हणून सरासरी एक वर्णन बरोबर जुळेल. दोन जुळली तरी हुरळून जाऊ नका. चार किंवा त्याहून अधिक जुळणे मात्र योगायोगाने शंभरात एक-दोनदाच घडेल. तसे झाले तर प्रयोग नव्या दहा जणांवर पुन्हा करा, आणि पुन्हा तसेच झाले तर मला जरूर कळवा.

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. घट्ट होताना ते चांगलेच तापते, आणि आत अडकलेल्या हाताला भाजू शकते. कणीकच बरी. हात हलकेच टेकवा, कारण जोराने दाबला तर चरबी पसरते आणि उंचवटा मोजायच्या आधीच बसतो. प्रयोग झाल्यावर कणीक फेकू नका, गाईला घाला.